कारवानी कुत्र्याची वही कोण ठेवणार?

कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंदणी करावी, शुल्क भरावे, दप्तर ठेवावे आणि तपासणीला तयार राहावे, असे बंधन केंद्र सरकारने २०१७ साली घातले. या बंधनाविषयी पैदासकारांच्या तक्रारी अद्याप थांबलेल्या नाहीत आणि प्राणिमित्रांचेही समाधान झालेले नाही. एकाला हा नियम जाच वाटतो, तर दुसऱ्याला तो केवळ कागदावरचा वाटतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु या वादात एक प्रश्न मागे पडला आहे. ज्या मुक्या जनावराच्या संरक्षणासाठी हा नियम झाला त्याचे हित आणि खेड्यात एकदोन कुत्री बाळगणाऱ्या सामान्य माणसाचे हित एकाच वाटेने साधता येईल काय? मराठवाड्यातील, विशेषतः लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील लोकांनी या प्रश्नाचा विचार करण्यास खास कारण आहे. कारवानी या नावाने ओळखले जाणारे सडपातळ, लांब तोंडाचे, वाऱ्याच्या वेगाने धावणारे शिकारी कुत्रे याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तर या कुत्र्यांसाठीच दूरवर ओळखले जाते. तेव्हा दिल्लीत झालेला हा नियम आपल्या दाराशी आलेला आहे, हे ध्यानात घेऊनच त्याकडे पाहिले पाहिजे.

नियम काय सांगतात?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ३८ व्या कलमाने दिलेल्या अधिकारात हे नियम २३ मे २०१७ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच दिवशी पशुबाजारांविषयीचेही नियम निघाले होते. कत्तलीसाठी गुरे विकण्याच्या प्रश्नावरून त्यांनी देशभर असे काही वादळ उठविले, की कुत्र्यांविषयीचे नियम त्या धुरळ्यात फारसे कोणी वाचलेच नाहीत. वस्तुतः त्यांची पूर्वतयारी बरीच आधी झाली होती. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये सादर केलेल्या आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांचे नियमन करण्याची स्पष्ट शिफारस केली होती.

नियमांचा सारांश असा आहे. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे पाच हजार रुपये शुल्क भरून नोंदणी करावी. ती दोन वर्षांपुरती असेल. मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिची जोडी लावू नये. वर्षातून एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेळा तिच्याकडून वेत घेऊ नये. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये. कुत्र्यांच्या शरीरात ओळखीची मायक्रोचिप बसवावी, लसीकरण व वैद्यकीय तपासणी करावी, जन्म, मृत्यू आणि विक्री यांची नोंद ठेवावी. सार्वजनिक जागी तात्काळ विक्रीसाठी कुत्री मांडून बसू नये.

यांतील एकही कलम अकारण आलेले नाही. शहरांतील मागल्या खोल्यांत, गच्चीवरील पिंजऱ्यांत आणि पत्र्याच्या शेडमध्ये माद्यांना प्रत्येक माजाला वापरून घेण्याचा जो धंदा चालतो, त्याची कल्पना ज्यांना आहे ते या कलमांना अतिरेकी म्हणणार नाहीत. पिल्लू लहान आणि गोजिरे असताना गिऱ्हाईक लवकर भुलते, म्हणून महिन्याभराचे पिल्लू आईपासून तोडले जाते. आईच्या दुधाचे बळ त्याला पुरेसे मिळालेले नसते. पुढे पार्व्होसारख्या रोगाने ते आठवड्याभरात दगावते आणि विकत घेणारा नशिबाला बोल लावून गप्प बसतो. हिमप्रदेशातील दाट केसांची कुत्री मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणून विकली जातात. थकलेली मादी एखाद्या रात्री गावाबाहेर सोडली जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मोकाट कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजला. परंतु विकत घेऊन नकोशी झालेली कुत्रीही रस्त्यावरच येतात, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

आणि या सर्व क्रौर्याला मूळ कायद्यात शिक्षा काय होती? पहिल्या अपराधास दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत दंड! १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होते. पुढे पिल्लाची किंमत हजारांत गेली तेव्हा हा दंड म्हणजे धंद्याच्या खर्चातील एक किरकोळ बाब ठरला. अपराध घडल्यानंतर नाममात्र दंड करण्यापेक्षा तो घडण्यापूर्वीच धंद्यावर नजर ठेवावी, हा नोंदणीमागील विचार म्हणूनच योग्य होता.

हरकती : खऱ्या आणि खोट्या

पैदासकारांच्या हरकती दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. ‘आमची कुत्री आम्हाला पोटच्या पोरांसारखी, आमच्यावर पहारा कशाला?’ हा युक्तिवाद भावनेला हात घालणारा असला तरी टिकणारा नाही. ज्याची कुत्री खरोखर पोरांसारखी आहेत, त्याला अठरा महिन्यांची आणि पाच वेतांची मर्यादा जाचण्याचे कारण नाही. ‘एवढी वेते कमी केली तर परवडणार कसे?’ असे कोणी म्हणत असेल, तर नियम नेमका त्याच्यासाठीच केलेला आहे, हे त्याने ओळखावे.

परंतु दुसऱ्या प्रकारच्या हरकती अशा सहज उडवून लावण्यासारख्या नाहीत. नियमातील ‘पैदासकार’ या शब्दाची व्याख्या एवढी रुंद आहे, की तीत पैदास करणारा, पिल्ले विकत घेऊन पुढे विकणारा व्यापारी आणि मधला दलाल असे सगळेच एका ओळीत बसविले आहेत. चाळीस पिंजऱ्यांचा धनी आणि गोठ्याच्या कोपऱ्यात एक मादी बांधणारा अल्पभूधारक शेतकरी यांना शुल्क तेच आणि दरवाजाही तोच. पहिल्याला पाच हजार रुपये म्हणजे एका पिल्लाच्या किमतीचा अंश. दुसऱ्याला ती अख्ख्या वेताच्या कमाईतील मोठी तूट. शिवाय पहिल्याच्या हाताशी वकील असतो, संगणक असतो. दुसऱ्याला अर्ज कोठे करायचा हे सांगणाराही भेटत नाही.

कायद्याची खरी परीक्षा पुण्या-मुंबईत होत नसते, ती किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यात होत असते. किनवटहून जिल्ह्याचे ठिकाणच शंभराहून अधिक किलोमीटरवर. राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्याला. पैनगंगेच्या खोऱ्यातील या डोंगराळ तालुक्यात गोंड, कोलाम, आंध यांची गावे आहेत, बंजारा तांडे आहेत. तेथे कुत्रे हा षोक नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी, शेळ्यांच्या कळपासाठी, रात्री आखाड्यावर सोबत म्हणून ते बाळगले जाते. चांगल्या मादीला पिल्ले झाली, की त्यांतील एखादे पाहुण्याला, एखादे धान्याच्या बदल्यात, तर एखादे पैसे घेऊन दिले जाते. या व्यवहाराला धंदा म्हणावे काय? नियमाच्या अक्षराप्रमाणे जातिवंत कुत्र्याचे पिल्लू विकण्यासाठी मादी बाळगणारा तो पैदासकार ठरू शकतो. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्याला त्या वर्गात ढकलणे हा अन्याय आहे.

पिल्लांचा मोठा व्यापार आता दूरध्वनीवरील जाहिरातींतून चालतो. तेथे दुकान नाही, पाटी नाही, पत्ता नाही. याउलट खेड्यातील माणूस उघड्यावर असतो आणि यात्रेत तर तो सर्वांच्या नजरेसमोरच असतो. लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मानाचे स्थान. त्या दैवताच्या यात्रेत जिल्हा परिषदेतर्फे अश्व, कुक्कुट यांच्याबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरविले जाते, ही परंपरेला साजेशीच गोष्ट आहे. आता तेथे बक्षीस मिळविलेल्या कुत्र्याचे पिल्लू कोणी मागितले आणि मालकाने ते दिले, तर सार्वजनिक जागी विक्री केल्याचा ठपका त्याच्यावर येणार काय? परवाना देणारे कार्यालय जवळ नसताना परवान्याची मागणी करणारा अंमलदार मात्र यात्रेत हजर असेल, तर त्यातून प्राण्यांचे कल्याण किती होईल आणि चिरीमिरी किती वाढेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

एक कुत्रे, दोन नावे

हा सगळा प्रश्न कारवानी कुत्र्याच्या इतिहासाशी निगडित आहे. पश्चिम आणि मध्य आशियातून व्यापाऱ्यांच्या व सैन्याच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री दख्खनेत आली, कारवानाबरोबर आलेली म्हणून ती कारवानी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कानांना आणि शेपटीला रेशमी केसांची झालर असलेल्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, त्यातही फारसीतील लोकरीचा वाचक असलेला ‘पश्म’ हा शब्द आहे. ससा आणि हरीण यांच्या शिकारीसाठी हे कुत्रे घडले. वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारे आणि दमाने पाठलाग करणारे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ती केलीच पाहिजे होती. परंतु त्यामुळे या कुत्र्याचे शेकडो वर्षांचे काम संपले. काम संपलेल्या जनावराची जात टिकते ती केवळ माणसाच्या जिव्हाळ्यावर, आणि तो जिव्हाळा लातूर-नांदेडच्या शेतकऱ्यांनी सरकारच्या मदतीवाचून दाखविला.

तथापि या जिव्हाळ्याला दप्तराची जोड मिळाली नाही. कोणत्या मादीला कोणता नर लावला, पिल्ले किती झाली, कोणती जगली, कोठे गेली, हे सारे मालकाच्या स्मरणात असते आणि त्याच्याबरोबरच नाहीसे होते. परिणाम काय झाला? याच कुळीच्या कुत्र्याला केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कारवान हाउंड’ म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. मुधोळ हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असले तरी ते घोरपड्यांचे संस्थान. तेथील राजांनी या कुत्र्यांची निगुतीने जोपासना केली आणि इंग्लंडच्या राजालाही ती नजर केल्याचे सांगितले जाते. संस्थान गेल्यानंतरही कर्नाटकाने हा वारसा सोडला नाही. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने श्वान संशोधन व माहिती केंद्र उभारले. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. २०१६ पासून लष्कराच्या मीरत येथील केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन पाहण्यात आले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांच्या पहिल्या तीन जातींची अधिकृत नोंद केली, तेव्हा तमिळनाडूच्या राजपालयम व चिप्पीपराई यांच्या पंगतीला मुधोळ हाउंड हे नाव बसले. कारवानी आणि पश्मी ही नावे त्या यादीत नव्हती.

याचा अर्थ मुधोळच्या लोकांनी काही हिरावून घेतले, असा मुळीच नाही. त्यांनी काम केले आणि त्याचे फळ त्यांना मिळाले. आपल्याकडेही असे काम झालेले नाही असे नाही. कंधारची लाल कंधारी गाय, देवणीची देवणी, उस्मानाबादी शेळी यांची नावे त्याच ब्युरोच्या दप्तरात मानाने नोंदलेली आहेत. वळूची कुळी, गायीचे दूध, बैलाचे कष्ट यांची पाहणी झाली, मोजमाप झाले, म्हणून ती नोंद झाली. कुत्रा मात्र ‘पशुधन’ या शब्दाच्या बाहेर राहिला. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. आपले नाव कोणत्या दप्तरात आहे यावर माणसाची कामे कशी अडतात आणि कशी होतात, हे येथील लोकांना निराळे समजावून सांगायला नको.

ज्या वहीची भीती, तीच हवी

पैदासकारांना परवान्याच्या नियमांतील ज्या गोष्टीची सर्वांत अधिक भीती वाटते ती म्हणजे वही. जन्ममृत्यूची, वेतांची आणि विक्रीची नोंद. परंतु या मुलखातील कुत्र्यांच्या मालकांना ज्या एका गोष्टीची सर्वांत अधिक गरज आहे, तीही हीच वही होय. वंशावळ नोंदलेली नसेल तर जात सिद्ध होत नाही. जात सिद्ध झाली नाही तर भाव मिळत नाही, सरकारी योजना मिळत नाही आणि जवळच्या नात्यातील जोड्या लागून वाण खालावते ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. शहरातील दलाल जानवळच्या कुत्र्याच्या नावावर कोणतेही लांबट पिल्लू खपवू शकतो, कारण खरे कोणते हे दाखविणारा कागद खऱ्या मालकाजवळही नसतो.

ज्याची नोंद नसते त्याला कोणी विचारतही नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने तेवीस जातींची कुत्री हिंस्र ठरवून त्यांच्या पैदाशीवर व विक्रीवर बंदी घालावी, असे पत्र राज्यांना पाठविले. त्याविरुद्ध कर्नाटकातील श्वानपालक न्यायालयात गेले आणि १० एप्रिल २०२४ रोजी तेथील उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येणार नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. शहरी पैदासकारांच्या पाठीशी १८९६ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबासारख्या जुन्या संस्था आहेत, म्हणून त्यांना ‘संबंधित’ या नात्याने उभे राहता आले. उद्या कारवानी कुत्र्याविषयी असाच काही निर्णय झाला, तर जानवळच्या वतीने कोण उभे राहणार? असंघटित आणि नोंद नसलेल्या माणसाची हरकत कितीही न्याय्य असली तरी ती चावडीवरच विरते.

म्हणून पैदासकारांनी ‘परवाना नको’ अशी घोषणा देण्यात काही अर्थ नाही. ‘वही आम्ही ठेवतो, दरवाजा तुम्ही जवळ आणा’ अशी त्यांची मागणी असली पाहिजे.

दरवाजा जवळ कसा येईल?

इंग्लंडचे उदाहरण या बाबतीत उद्‌बोधक आहे. तेथे १९७३ पासून कुत्र्यांच्या पैदाशीसाठी परवाना लागतो. परंतु तो स्थानिक संस्था देते. २०१८ च्या नियमांनी सर्वसाधारण मर्यादा अशी घातली, की वर्षात तीन किंवा अधिक वेते घेऊन पिल्ले विकणाऱ्याला परवाना हवा. घरच्या एका मादीच्या एका वेतासाठी सहसा कोणी परवाना मागत नाही. मात्र त्याखालील माणसानेही पैदाशीचा धंदा करून पिल्लांच्या विक्रीची जाहिरात केली, तर तो परवान्यातून सुटत नाही. आणि मधल्या दलालाला तर एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू विकण्याचीच मनाई झाली. विकत घेणाऱ्याने पिल्लू त्याच्या आईसह, जेथे जन्मले तेथेच पाहावे, हा त्यामागील हेतू. वेल्समधील एका पैदास केंद्रातून सोडविलेल्या ‘लूसी’ नावाच्या खंगलेल्या मादीचे नाव लोकांनी या कायद्याला दिले. लहान पैदासकाराला सवलत आणि दलालाला बंदी ही विभागणी आपल्या नियमांत नाही, ती आणली पाहिजे.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही, नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे. वर्षाला एकदोन वेतांपर्यंतच्या घरगुती पैदासकाराला पाच हजारांच्या शुल्कातून मुक्त करून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र नोंदणीची सोय व्हावी. गायीम्हशींच्या कानांत बिल्ले मारण्याचे काम पशुसंवर्धन खाते गावोगाव करीतच आले आहे. त्याच यंत्रणेकडून कुत्र्यांना मायक्रोचिप बसविणे अशक्य नाही. देवस्थानांच्या यात्रांतील प्रदर्शनांना लसीकरणाच्या दाखल्याच्या अटीवर स्पष्ट मुभा द्यावी. तिम्मापूरला जे झाले ते उदगीरला का होऊ नये? लातूर जिल्ह्यातच उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कारवानी आणि पश्मी यांची पाहणी, मोजमाप आणि वंशनोंद हे काम त्या महाविद्यालयाने हाती घेतले तर कर्नालच्या दप्तरापर्यंतचा रस्ता खुला होईल.

या सवलतींच्या बदल्यात पैदासकारांनीही काही द्यावे लागेल. वयाची, वेतांची आणि आठ आठवड्यांची मर्यादा एक मादी बाळगणाऱ्यालाही तितकीच बंधनकारक राहिली पाहिजे. शुल्क माफ होऊ शकते, मादीचे दुःख मालकाच्या गरिबीमुळे माफ होत नाही. अशक्त मादीला पुन्हा गाभण ठेवणारा हात लहान शेतकऱ्याचा असो की मोठ्या व्यापाऱ्याचा असो, त्याला अडविलेच पाहिजे. गावोगावच्या मालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापाव्यात आणि आपल्यातील गैरप्रकार आपणच उघड करावेत, तरच त्यांच्या शब्दाला वजन येईल.

आणि वही लिहिणार कोण, ही अडचणही दुर्लंघ्य नाही. गावातील शिक्षक, ग्रामसेवक, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी यांनी मनावर घेतले तर चार रकान्यांची एक साधी वही प्रत्येक गावात सुरू होऊ शकेल : मादीचे नाव, नराचे नाव, वेताची तारीख, पिल्ले कोणाकडे गेली. सरकार आपला दरवाजा जवळ आणील तेव्हा आणील. ही वही त्याची वाट न पाहता उद्यापासून सुरू करता येण्याजोगी आहे. दहा वर्षांनी एखादा अधिकारी जानवळला किंवा किनवटच्या एखाद्या तांड्यावर येऊन ‘तुमच्या कुत्र्यांचा पुरावा काय?’ असे विचारील, तेव्हा मालकाला त्याच्यापुढे केवळ कुत्रे उभे करून भागणार नाही. वहीही पुढे करता आली पाहिजे.